घरच्या बातम्या

दसऱ्याची सुट्टी संपून तिसरा दिवस.
प्रार्थना झाली, नाडगीत झालं,
मग फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मी लिहिते: घरच्या बातम्या.
पेपरातल्या नकोत, असं सांगून ठेवलंय.
पेपरात आमचं गाव वर्षातून एकदा येतं,
एक नोव्हेंबरच्या आगंमागं,
आणि त्यात रताळ्यांचा भाव नसतो.

स्वरांजलीचा हात सगळ्यांच्या आधी वर.
"आजी सौंदत्तीला जाऊन आली, फुकट!
आधार कार्ड दाखवलं की तिकीट शून्य रुपयांचं.
ते तिकीट तिनं देव्हाऱ्यात ठेवलंय."

सातेरीला आजोबांचं नाव आहे, आवाजही त्यांचाच.
"म्हैस व्याली. रेडकू झालं. रेडा."
घरात कुणी पेढे वाटले नाहीत,
तो एकटाच खूश.
नाव ठेवलंय त्यानं, पण आम्हांला सांगणार नाही.

वेदिकाचे पप्पा उद्यमबागेत फाउंड्रीत लागलेत, रात्रपाळी.
"आम्ही उठतो तेव्हा ते झोपूलालेत,
आम्ही झोपतो तेव्हा ते निघूलालेत.
रविवारी भेटतात."
कुणी लांबचा पाहुणा येणार असावा
तशी ती वेणीची रिबन सारखी करते.

पहिलीतला भरमू उभाच राहतो बाकावर:
भात निसवलं! रात्री वास येतोय, बासमतीचा!
डुकरांना पण येतोय.
काका माळ्यावर बसून डबा बडवतोय
आणि मग कुणालाच झोप नाही,
म्हणून गृहपाठ नाही.

जाई कणबरकरची बातमी तिनं सांगितली नाही.
ती आलीच नाही.
शनिवारी तिच्या वडिलांनी दाखला नेला,
शहरातल्या शाळेची पिवळी व्हॅन हल्ली
आमच्याच फाटकासमोर वळते.
"राग मानू नका बाई," म्हणाले,
आणि टोपलीभर रताळी टेबलावर ठेवून गेले.
तेविसाचे बावीस.
रताळी गोड निघाली. काय करू.

मुत्तुराज मागं, खिडकीशी.
रायबागकडचा. वीटभट्टी आमच्या कुंपणाला लागून,
कन्नड शाळा हायवेच्या पलीकडं,
म्हणून इथं.
रोज विचारते, रोज नुसती मान हलवतो.
त्याचं मराठी "बाई, पाणी" एवढं,
माझं कन्नड सर्क्युलर वाचण्यापुरतं
आणि बाजारात कोथिंबीर मागण्यापुरतं.

आज त्याचा हात वर. अर्धाच, कोपरापर्यंत.
"नम्म अव्वा बंदाळ्री."

सातेरीनं कुणी न सांगता भाषांतर केलं:
"आई आलीय त्याची. बाळंतपणाला गेली हुती."
काय झालं रे?
"तंगी," मुत्तुराज म्हणाला.

आमच्याकडं तंगी म्हणजे महिनाअखेर.
त्याच्याकडं धाकटी बहीण.
मी दोन्ही अर्थ माहीत असलेला खडू हातात धरून
जरा थांबले,
मग लिहिलं: मुत्तुराजला तंगी झाली.
पोरं वाचून इतकी हसली
की तोही हसला, नक्की कशाला ते न कळता.

"तुमची बातमी, बाई?"
माझी उद्या.
उद्या, हे मी जूनपासून सांगतेय.
कपाटात तो लखोटा आहे, शेजारच्या गावच्या शाळेत
आम्हांला मिसळण्याबद्दलचा.
तो अजून घरची बातमी झालेला नाही.

दुपारी अंडी आली, तेवीस.
जाईचं नाव वरच्या कागदातून अजून कमी व्हायचंय.
मुत्तुराजनं आपलं अंडं खाल्लं नाही,
खिशात घातलं, वरून हात ठेवला.
"अव्वाग," म्हणाला.

मी तेविसावं त्याच्या ताटलीत ठेवलं,
हे खा म्हटलं, इथंच, माझ्यासमोर,
आणि रजिस्टरात
वाटप: तेवीस.